एक्स-रेच्या फिल्मचा हत्ती

चित्रकलेच्या परीक्षेत मी रबरानं कागदाला भोक पाडलं होतं. शाळेत असताना एलिमेंटरीला बसले होते. समोर स्टुलावर पितळी तांब्या आणि दोन लिंबं. तांब्याची डावी बाजू जमली की उजवी फुगायची, उजवी आत घ्यावी तर डावी पोट काढून बसायची. खोडता खोडता कागदच गेला. बाईंनी तो उजेडाकडे धरला, त्या भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि सगळा वर्ग हसला. मी जात्याच तापट. घरी येऊन पेन्सिल मोडली आणि चित्रकलेशी कट्टी केली.

ती कट्टी सुटली ती पुढे फार वर्षांनी, धुळ्याला. तिथं एका डॉक्टरांच्या एक्स-रे क्लिनिकमध्ये मी रिपोर्ट टाइप करायला होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डॉक्टरांनी टाइपरायटर काढून कॉम्प्युटर आणला. बसवून देणाऱ्या माणसानं त्यात स्वतःच्या मनानं आणखी दोन गोष्टी घालून दिल्या, एक पत्त्यांचा खेळ आणि एक चित्रांचा प्रोग्राम. पत्ते डॉक्टरांनी ताब्यात घेतले. दुसऱ्याला कुणी वाली नव्हता, म्हणून तो माझ्या वाट्याला आला.

दुपारी क्लिनिक बंद असायचं. माझं घर देवपुरात, नदीपलीकडे, आणि धुळ्याचं ऊन म्हणजे विचारू नका. जाऊन येण्यात अर्धा जीव जायचा. म्हणून मी डबा घेऊन तिथंच थांबायची. एका दुपारी पोळीचा शेवटचा घास तोंडात असतानाच मी तो प्रोग्राम उघडला. वेळ घालवायचा, बाकी काही मनात नव्हतं.

पहिल्याच दिवशी कळलं की इथं रेघ ओढायचीच नसते. इथं टिंब ठेवायचं, मग लांब कुठंतरी दुसरं टिंब ठेवायचं, आणि त्या दोघांच्या मधली रेघ कॉम्प्युटर ओढतो. टिंबाला दोन्ही बाजूंनी दांड्या फुटतात, सायकलच्या हँडलसारख्या. दांडी धरून वळवली की रेघ वळते, लांब ओढली की रेघ फुगते. चुकलं तर खोडायचं काहीच नाही. टिंब उचलायचं आणि दुसरीकडे ठेवायचं. कागद नाही, रबर नाही, भोक नाही.

मग मी तांब्या काढला. काढला म्हणजे अर्धाच काढला, डावा. त्याची आरशातल्यासारखी उलटी नक्कल केली, शेजारी आणून टेकवली आणि दोन्ही जोडले. समोर अख्खा तांब्या उभा, दोन्ही बाजू काट्यावर तोलल्यासारख्या सारख्या. मी एकटीच मोठ्यानं हसले. इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेला राग असा अर्ध्या दुपारात निघून गेला याचं मलाच नवल वाटलं.

त्यानंतर मी दुपारची वाटच पाहायला लागले. डॉक्टरांनी एकदा मागं उभं राहून पाहिलं, "हे काय चाललंय?" म्हणाले, आणि माझं उत्तर ऐकायच्या आधीच "रिपोर्ट वेळेवर होतात ना, मग चालू द्या," म्हणून गेले. भला माणूस. त्यांना पत्त्यात त्यांचा डाव लागायची घाई होती, हेही खरं.

सुरुवातीला मी टिंबांची उधळण करायची. कडुनिंबाची एक डहाळी काढली तर तिच्यावर देवी आल्यागत टिंबं. रेघ जागोजागी अडखळायची. मग एकेक टिंब काढून टाकत गेले तसतशी डहाळी सुधारत गेली. जितकी टिंबं कमी तितकी रेघ गोड, हे मला कुणी शिकवलं नाही, त्या डहाळीनंच शिकवलं. तेव्हापासून डोळ्यांना खोडच लागली. बसमधून सातपुडा दिसला की मी मनातल्या मनात टिंबं ठेवायची, इथं एक, त्या खिंडीपाशी एक, पुढे लांबवर एक. शेजारची बाई विचारायची, "ताई, बोटं काय मोजताय?"

आणखी एका गोष्टीनं मी हरखून गेले होते. फोटो मोठा करत गेलं की त्याचे चौकोन चौकोन होतात, नाकडोळे फाटून जातात. या रेघांचं तसं नाही. नखाएवढं पान काढा आणि ते दाराएवढं करा, काठ तसाच तुळतुळीत. लहान केलं तरी तेच पान, मोठं केलं तरी तेच. माणसांत हे फार थोड्यांना जमतं.

सगळं गोडच होतं असं नाही. लाइट जायची. तास दीड तास जमवलेलं मोराचं पीस, सेव्ह करायचं राहिलेलं, एका क्षणात काळ्या पडद्यात गडप व्हायचं. मग मी वीज मंडळाला जे काही बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. लाइट आली की पुन्हा बसायची आणि दुसऱ्यांदा काढलेलं पीस पहिल्याहून बरं यायचं. हे मात्र मी कुणाजवळ कबूल केलं नाही.

छंदाला घरात मान मिळतो तो त्याचा उपयोग दिसला की. आमच्या शेजारणीचा भरतकामाचा व्यवसाय होता. ती बटर पेपरवर नक्षी काढून तिला सुईनं भोकं पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ वरून पुसून नक्षी साडीवर उतरवायची. तिच्याकडे त्याच त्याच आंब्याच्या कोयऱ्या होत्या, तिच्या आईच्या वेळच्या. मी तिला कापसाचं बोंड काढून दिलं, उमललेलं, चारी पाकळ्यांत कापूस. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या निम्म्या ब्लाउजांच्या पाठीवर कापूस फुटला. मग पापडाच्या पाकिटांची लेबलं झाली, मुलांच्या डब्यांवरची नावं झाली, यजमानांच्या लुनावर एक ऐटबाज घोडा झाला. यजमान शाळामास्तर. ते लुनाला किक मारताना म्हणायचे, "घोडा लावलाय खरा, पण चढाला उतरून ढकलावाच लागतो." आणि जेवताना माझी पोळी जरा नकाशासारखी झाली की, "हिला पण चार टिंबं ठेवून ओढायची ना!" मी पोळी परत घ्यायची धमकी द्यायची. दिवस सुखाचे होते. मला तेव्हाही ते कळत होतं.

तर अशातच एका दुपारी क्लिनिकच्या फोनवर आबांचा आवाज आला. आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. केळीची शेती. आबांना फोनवर बोलायचं म्हणजे गावातल्या गावात हाक मारल्यासारखं वाटायचं, त्यामुळे रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागे. धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं मला ठाऊक होतंच. फोन भिंतीसाठी होता.

आमच्याकडे लग्न निघालं की घराची दर्शनी भिंत चुन्यानं पांढरी करतात आणि तिच्यावर लग्नच काढतात. वर गणपती, दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, केळीचे खांब, कलश, आणि मधे ठसठशीत अक्षरांत नवरानवरीची नावं. ते चित्र मग घरात पुढचं लग्न होईपर्यंत तसंच राहतं. मधे भिंतीला कुणी हात लावत नाही, अपशकुन मानतात. गावातून चालत गेलं की कुणाच्या घरचं शेवटचं लग्न कुणाचं, हे भिंती सांगतात.

"पेंटर सांगस, लगीन व्हई गयं का येस," आबा ओरडले. "लगीन व्हई गयावर त्याले काय आरती ओवाळू? तू त्या मशीनवर चित्रं काढस ना? मंग भित तूच काढ. हत्ती मातर पाह्यजे. जोडी."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाबरले. डब्यावरचं नाव काढणं वेगळं आणि अख्खी भिंत वेगळी. शिवाय हत्ती.

नशीब असं की त्याच सुमारास साधूंचा एक हत्ती धुळ्यात आला होता. आग्रा रोडवरून घंटा वाजवत निघाला. मी रिपोर्ट अर्धवट टाकून त्याच्यामागं धावले. लोक केळी देत होते, नारळ देत होते, मी नुसती बघत होते. तेव्हा दिसलं की कपाळापासून सोंडेच्या टोकापर्यंत एकच रेघ आहे, मधे कुठेही तुटत नाही. आणि पाठ घुमटासारखी नसते, मधून उंच होऊन मागं घसरते. परत येऊन ती एक रेघ मी दोन टिंबांत ओढली. मग मान, मग पोट, मग ते सुपासारखे कान. हत्ती उभा राहिला तेव्हा मी त्याला आठवडाभर कुणाला दाखवला नाही. माझ्यापुरताच ठेवला.

त्याला भिंतीएवढा करून छोट्या छोट्या कागदांवर तुकड्यातुकड्यांनी छापला आणि कागद खळीनं जोडले. पण कागदाचा छाप ओल्या रंगानं टिकेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या फिल्मा घेऊन जा की." कुणी न्यायला न आलेल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मांचा तिथं ढीग होता. त्यांच्यावर कागद चिकटवून मी ब्लेडनं हत्ती कापून काढला. उरलेल्या भोकातून रंगाचा बोळा दाबला की भिंतीवर हत्ती उमटणार. फिल्मा एकमेकींना जोडल्यामुळे छापाच्या काठाला कुणाच्या बरगड्या, कुणाचा गुडघा, कुणाची वाकडी बोटं. यजमान म्हणाले, "एवढे लोक तुझ्या भावाच्या लग्नाला येणार, त्यांच्या जेवणाचं काय?"

अक्षरांनी मात्र छळलं. 'व' कापला की त्याच्या पोटातला तुकडा गळून पडायचा आणि वर नुसती फुगीर गाठ उरायची. मग प्रत्येक अक्षराच्या पोटाला एक बारीक काडी ठेवावी लागली, आतला तुकडा बाहेरच्याला धरून राहील अशी. केळीच्या घडासाठी मी एकच फणी कापली. एकीखाली एक छापत गेलं की घड.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं. आम्ही दोघी बहिणी आणि हा भाऊ. माझं लग्न आधी झालं, मग धाकटीचं. तिच्या लग्नात माझं नाव चुन्याखाली गेलं आणि तिचं आलं. मला त्याचं काही वाटलं नाही, मी तोवर धुळ्यात रमले होते. पण धाकटी काही वर्षांतच माघारी आली. नवऱ्यानं दुसरं घर मांडलं होतं. भांडण नाही, तंटा नाही, सरळ बसमध्ये बसवून दिलं. तेव्हापासून ती माहेरीच. गावातली बालवाडी चालवायची. आणि भिंतीवर तिचं लग्न तसंच, दाराच्या डाव्या अंगाला त्याचं नाव, उजव्या अंगाला तिचं. रोज सकाळी ती अंगणात सडा घालायची तो त्या दोन नावांच्या खाली. आईला कितीदा म्हटलं, पुसून टाक ना. आई एकच म्हणायची, "दुसरं लगीन निंघे तोपर्यंत भितले हात लावानं नही." आता लगीन निघालं होतं. ते नाव एकदाचं जाईल, धाकटी सुटेल, असं मला वाटत होतं. मी तर त्या जागेवर नेमका बसेल असा मोठा कलश बेतला होता.

छापांची गुंडाळी घेऊन मी लग्नाच्या आठवडाभर आधी निघाले. धुळ्याहून अमळनेर, तिथून तापी ओलांडून चोपडा. घरी पोचले तेव्हा अंगणात चुना भिजत घातला होता. आबांनी गुंडाळी सोडून फणीचा छाप हातात घेतला, भिंतीला लावून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"केळी खाले तोंड करी लटकतस का व? केळीवालानी आंडेर ना तू?"

खरंच की. घडातली केळी वर तोंड करून असतात. जन्म केळीच्या बागेत काढला आणि काढताना धुळ्याच्या हातगाडीवरची केळी डोळ्यांसमोर आणली. आंडेर म्हणजे लेक. लेकीची लाज वाचवायला आबांनी फणी उलटी फिरवली, वर तोंड करून, आणि म्हणाले, "आते बरोबर शे." भाऊ पुढचे दोन दिवस मला 'धुळेवाली' म्हणत होता.

चुना लावायची वेळ आली. आबांनी बादली उचलली, भावानं कुंचला घेतला. तेव्हा धाकटी घरातून बाहेर आली आणि मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "अक्का, मनं नाव ऱ्हाऊ दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मनं फक्त. त्यानं नाव पुसी टाक," ती म्हणाली. "मी कोठे जास? मी आठेच शे. उद्या वहिनी येई, तिनं नाव भितवर लागी. भाऊनं लागी. मनं कोठेच ऱ्हावाव नही. या घरमा मी कोन, हाई कोनले कसं समजी?"

ती रडत नव्हती. बालवाडीतल्या पोरांना ती समजावून सांगते ना, तशी सांगत होती. इतकी वर्षं आम्ही सगळे धरून चाललो होतो की तिला ते नाव नको असेल. तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

आईनं ऐकलं आणि ती भडकली. "एकली बाईनं नाव भितवर कोठे लिखतस का? सोयरा लोके काय म्हनतीन? शुभ कामले..." पुढचं तिनं गिळलं. मी तोंडाळ, मी बोलायला लागले. म्हणायचं ते म्हणालेच, म्हणू नये तेही म्हणाले. त्यानं झालं इतकंच की आई आणखी घट्ट झाली. धाकटी तशीच भिंतीपाशी उभी. लग्नघरात आलेल्या बायका कामं थांबवून बघायला लागल्या.

आबांनी बादली खाली ठेवली. "चुना मी लावस ना? मंग कोठे लावाना आन् कोठे नही, ते मी पाहस. ऱ्हाऊ दे ते नाव." आई आत गेली आणि पुढचे दोन दिवस आमच्यापैकी कुणाशी कामापुरतंसुद्धा धड बोलली नाही.

मी फिल्मचा एक पट्टा कापला, धाकटीच्या नावाएवढा, आणि चुना लागू नये म्हणून खळ लावून त्या नावावर बसवला. नावाआधीचं 'चि. सौ. कां.' पट्ट्याबाहेर ठेव, असं तिनंच सांगितलं. मग तिनं भावाच्या हातातून कुंचला घेतला आणि ती तीन अक्षरं आणि नवऱ्याचं नाव स्वतः चुन्याखाली घातलं. बाकीची भिंत भावानं आणि आबांनी उरकली.

सकाळी पाहतो तर काय, त्याचं नाव वर आलेलं. जुना ऑइलपेंट, चुन्याला दाद देईना. पुन्हा चुना दिला, पुन्हा दुपारी पिवळट सावली वर. धाकटीच्या तोंडचा रंग उडाला. मला तर त्या माणसाचा असा संताप आला, गावात नसून भिंतीतून डोकावतो म्हणजे काय! भाऊ भिंतीकडे बघत उभा होता. मग तो म्हणाला, "अक्का, तुना हत्ती जरासा इकडे सरकाव."

कॉम्प्युटरवर मी बेतलेलं सगळं आता मोडायला लागलं. तिथं मला वाटेल ते वाटेल तिथं हलवता यायचं. इथं धाकटीचं नाव जागचं हलणार नव्हतं आणि बाकी सगळ्यांनी त्याच्याभोवती सरकायचं होतं. कलश मी काढूनच टाकला. केळीचा खांब बाहेर नेला. डावा हत्ती हातभर आत आणला आणि त्याचा पुढचा भरीव काळा पाय नेमका त्या पिवळट नावावर ठेवला. बोळा दाबून दाबून रंग भरला. फिल्म उचलली तेव्हा नाव पार नाहीसं झालं होतं.

धाकटीनं वाकून हत्तीच्या पायाखाली पाहिलं आणि म्हणाली, "आते निंघी दाखाड!"

आणि ती हसली. अशी हसली की भाऊ हसला, आबा हसले, पीठ चाळणाऱ्या बायका हसल्या. आईनं चटकन तोंड फिरवून पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलताना मी पाहिले. मला इतकं मोकळं वाटलं की मी तिथंच ओट्यावर बसकण मारली आणि काळ्या हातांनीच पाणी प्यायले.

संध्याकाळपर्यंत भिंत झाली, धाकटीच्या नावावरचा पट्टाही सोडवला. मधे भावाचं आणि त्याच्या नवरीचं नाव लालभडक. दोन्हीकडे हत्ती, वर गणपती, वर तोंड केलेली केळी. आणि उजव्या हत्तीच्या सोंडेखाली, जरा विटलेल्या निळ्या अक्षरांत, धाकटीचं नाव. जुनं पडल्यामुळे ते बाकीच्यांहून वेगळं दिसत होतं. भोवती मी कडुनिंबाची डहाळी काढली, माझी पहिली, तीन-चार टिंबांची. आजही कुणी विचारलं की तुझं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर मी ती भिंत सांगते. तसं तिच्यात काही धड नव्हतं. एका हत्तीचा डोळा पसरला होता आणि गणपतीची सोंड भावानं पुसून पुन्हा काढली होती.

लग्न पाचोऱ्याला, मुलीकडे झालं. वरात परतली तेव्हा उन्हं कलली होती. नवी नवरी दारात उभी, उंबऱ्यावर तांदळाचं माप, आतल्या बाजूला आई आरतीचं जड ताट कधीची हातांवर धरून. दार अडवून बायका "नाव घे, नाव घे" करत होत्या. धाकटी तिथं नव्हती. माघारी आलेल्या बाईनं अशा वेळी पुढं यायचं नसतं, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. ती मागच्या अंगणात चुलाण्यापाशी होती. मीही तिला बोलवायला गेले नव्हते. भिंतीवर नाव ठेवलं, एवढ्यावरच मी समाधान मानून बसले होते.

नवरी उखाणा आठवत असावी. तिची नजर भिंतीवर फिरत होती. स्वतःच्या नावावर जरा थांबली, लाजली, मग पुढं सरकली. पाचोऱ्याची, शहरी वळणाची मुलगी. तिनं सरळ विचारलं, "आणि हे नाव कुणाचं?"

आमची एक चुलती घाईनं म्हणाली, "जुनं शे माय ते. पुसानं ऱ्हाई गयं."

मी तोंड उघडणार तोच आई बोलली. पाच-सहा दिवसांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"ऱ्हाई नही गयं. ठेयेल शे. तुनी ननंद शे ती."

"मग त्या कुठे आहेत?" नवरीनं विचारलं.

आईनं मागच्या अंगणाकडे तोंड केलं आणि भरल्या मांडवात धाकटीला नावानं हाक मारली. धाकटी आली ती घाबरून, काही सांडलं की काय म्हणून, पिठाचे हात लुगड्याला पुसत. दारापासून लांबच थांबली. आईनं तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि आरतीचं ताट तिच्यापुढं केलं.

"धर," आई म्हणाली. "मना हात भरी उना."